कावीच्या नावावर गेरूचा डिस्टेंपर

गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या आमच्या मराठी प्राथमिक शाळेच्या दर्शनी भिंतीवर कावी चित्रं (जुन्या देवळांच्या भिंतींवर असतात ती तांबडी-पांढरी) काढून देतो, असं सांगत एक ठेकेदार आला. मोबाईलवर एका देवळातल्या कावीचे फोटो दाखवले, दर चौरस फुटाला साध्या रंगकामाच्या तिप्पट सांगितला. पालक-शिक्षक संघाने निम्मी रक्कम आगाऊ दिली.

आपल्याकडची कावी ब्रशने काढत नाहीत. भिंतीला चुना-वाळूचा गिलावा, त्यावर काव, म्हणजे तांबडी माती, मिसळलेल्या चुन्याचा तांबडा थर, आणि तो ओला असतानाच टोकदार हत्याराने खरवडून आतला पांढरा काढायचा. मग घोटाई. म्हणून तिची रेघ खोल असते, बोटाला लागते. मोरजीला मोरजाईच्या देवळात नीट पाहिलं की फरक कळतो. आमच्याकडे मात्र सिमेंटच्या भिंतीवर पांढरा हात मारून, पुठ्ठ्याचे साचे लावून गेरूच्या रंगाचा डिस्टेंपर फासला. मोर, कमळं, तुळशीवृंदावन; दुरून छानच दिसत होतं. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी मानही डोलावली. (पाहुणे भिंतीला हात लावत नाहीत.)

पहिली तक्रार आयांकडून आली: युनिफॉर्मच्या खांद्यांवर तांबडं लागतं. नंतर मृग लागला आणि मोराचा पिसारा ओघळत पायरीपर्यंत आला. खाली जोत्यापाशी ओल मुळातच होती, तिथे पोपडे सुटले. ठेकेदार म्हणतो, "बाई, गोव्याचा पाऊस माझ्या हातात आहे का?" पाऊस नाही, पण डिस्टेंपर घराच्या आतल्या भिंतींसाठी असतो, एवढं रंगाऱ्याला ठाऊक असतंच. बिलात दारं-खिडक्यांचं क्षेत्रफळही धरलं होतं, ते वेगळंच.

कुणी कावी म्हणून भिंत दिली तर पैसे चुकते करण्याआधी संध्याकाळी बॅटरी भिंतीला टेकवून आडवा उजेड पाडा. खरवडलेल्या रेघेला सावली पडते, रंगवलेलीला नाही. ओलं फडकं कोपऱ्यात घासा, रंग फडक्यावर उतरला तर ती कावी नव्हे. सिमेंटवर साधी चित्रंच हवी असतील तर त्यात कमीपणा काही नाही, पण ती प्रायमर आणि बाहेरच्या भिंतीचा इमल्शन वापरून, साध्या दरात. रंगाचे डबे सीलबंद असतानाच बघा आणि करारात रंगाचं नाव लिहून घ्या.

उरलेली रक्कम आम्ही अडवली. आगाऊ दिलेली परत आली नाही, फोनही उचलत नाही. सध्या तो डिचोलीकडच्या शाळांत फिरतोय असं कानावर आलंय. आमच्या भिंतीचा उद्घाटनाच्या दिवशीचा फोटो दाखवेल. त्याच भिंतीचा पावसाळ्यानंतरचा मागा.