आयटीआय की उस्तादाचं गॅरेज? गाडीचं काम शिकू पाहणाऱ्यांसाठी

दहावी-बारावीचा निकाल लागला की दोन-चार पोरं वडिलांना घेऊन माझ्याकडं येतात. गाडीचं काम शिकायचंय, तर आयटीआयला नंबर लावावा की एखाद्या मिस्त्रीकडं बसावं? मी दोन्ही केलंय. दोन वर्षं आयटीआयत मेकॅनिक मोटर व्हेईकलचा ट्रेड, मग केजला अंबाजोगाई रोडवरच्या एका गॅरेजात साडेतीन वर्षं. आता धारूरकडं माझं स्वतःचं दुचाकीचं छोटं गॅरेज आहे. म्हणून पुढचं सगळं माझ्या अनुभवापुरतं धरा. दुसऱ्या संस्थेत, दुसऱ्या उस्तादाकडं चित्र वेगळं असू शकतं.

आधी एक ठरवा. तुम्हाला नोकरी हवी की हातात काम हवं? नोकरी हवी असेल तर फार विचार करू नका, आयटीआय करा. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ पासून आहे आणि त्याच्या आजूबाजूला सुटे भाग बनवणाऱ्या कितीतरी कंपन्या उभ्या राहिल्यात. एसटीची मध्यवर्ती कार्यशाळा चिकलठाण्याला आहे. अशा ठिकाणी शिकाऊ उमेदवार म्हणून आत जायचं तर सहसा प्रमाणपत्र लागतं. ‘अमक्या उस्तादाकडं पाच वर्षं होतो’ हे तिथं चालत नाही. कंपनीच्या शोरूममधलं सर्व्हिस सेंटरही आता कागद मागतं.

पण गावात किंवा तालुक्याला स्वतःचं गॅरेज टाकायचं असेल, तर गोष्ट वेगळी आहे. तिथं येणारी गाडीच वेगळी असते. डोंगर चढायला बनवलेल्या हिमालयन, एक्सपल्स आपल्याकडं क्वचित येतात. आपली रस्ता सोडून चालणारी गाडी म्हणजे स्प्लेंडर नाहीतर प्लॅटिना. मागं दुधाचे कॅन, कडब्याच्या पेंढ्या, कधी खताचं पोतं, आणि वाट पांदणीची. पावसाळ्यात काळी माती पुढच्या मडगार्डात अशी बसते की चाक फिरत नाही. माणूस मग पहिल्या गिअरमध्ये क्लच अर्धा दाबून गाडी रेटतो आणि प्लेटा जाळून आणतो. उन्हाळ्यात फुफाटा फिल्टरमध्ये जातो. चिमट्याचे बुश, कोन सेट, शॉकअपचं सील, चेन-सॉकेट, सगळं मुदतीच्या आधी संपतं. ऊसतोडीला गेलेल्या गाड्या पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर घरी येतात, त्या बघितल्या की पाच-सहा महिन्यांत गाडीचं काय होतं ते कळतं. माझ्या ट्रेडमध्ये सगळा भर चारचाकीवर आणि मोठ्या वाहनांवर होता. दुचाकी म्हणजे त्यातला एक धडा.

आता माझा कल कशानं ठरला ते सांगतो.

आमच्या वर्कशॉपात टेबलावर शंभर सीसीचं एक इंजिन होतं. दुचाकीचं प्रात्यक्षिक त्याच्यावर. दरवर्षीची पोरं तेच इंजिन खोलायची, तेच बांधायची. त्याच्या नटांचे कोपरे झिजून गोल झालेले, गॅस्केट फाटलेलं. गॅस्केट बदलायची गरजच पडायची नाही, कारण त्यात ऑइल कधी ओतलंच जायचं नाही. कार्बोरेटर नाही, पेट्रोल नाही. दोन वर्षांत ते इंजिन एकदाही चालू झालेलं मी ऐकलं नाही. आमचे सर चांगले होते, मनापासून शिकवायचे. पण बांधलेलं बरोबर की चूक, हे सांगणारं तिथं काहीच नव्हतं. हेड बसलं, बोल्ट आवळले, वहीवर सही झाली, संपलं.

मी त्या इंजिनाची टायमिंग चेन निदान दहा वेळा चढवली असेल. मॅग्नेटवरची टीची खूण आणि वरच्या चक्राची खूण जुळवायची, मग टेन्शनर सोडायचा. तोंडपाठ होतं. केजला गॅरेजात बसल्यावर महिन्याभरातच उस्तादानं एक स्प्लेंडर माझ्यावर सोडली. हाफ इंजिनचं काम, म्हणजे हेड, बोअर, पिस्टन असं वरचं अर्धं इंजिन खोलून बांधायचं. मी सगळं बांधलं, किक मारली. दहा-बारा किकांनंतर कशीबशी चालू झाली, पण ॲक्सिलेटर दिला की अडखळायची, सायलेन्सरमधून फटफट आवाज. मी सरळ कार्बोरेटर खोलायला घेतला. उस्ताद दुसऱ्या गाडीखाली होते, तिथूनच म्हणाले, “पयले सुन, फिर खोल.” मग उठून आले, स्वतः दोनदा किक मारली आणि म्हणाले, चेन एक दात पुढं आहे. झाकण उघडलं, तसंच निघालं. गाडीचा मालक समोर बाकावर बसलेला, त्याला सहाची धार काढायला घरी जायचं होतं. मी तिथंच पुन्हा सगळं सोडलं आणि पुन्हा बांधलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही. आयटीआयतल्या त्या दहा वेळांपैकी किती वेळा माझी चेन एक दात चुकली असेल? ते कधीच कळणार नाही. जे इंजिन चालू होत नाही त्यावर हात बसतो, पण कान तयार होत नाही, आणि आपलं निम्मं काम कानावर आहे. टॅपेटचा आवाज कोणता, पिस्टनचा कोणता, चेनचा कोणता, हे वहीत लिहून येत नाही. माझ्या मते तरी नाही.

याचा अर्थ गॅरेजात सगळं चांगलं, असं नाही. उस्ताद ‘का’ सांगत नाहीत. त्यांनाही कुणी सांगितलेलं नसतं. पहिलं वर्षभर मी मुख्यतः गाड्या धुतल्या, पंक्चर काढले, चहा आणला, आणि नेमकं हेड उघडायच्या वेळी चहाची आठवण व्हायची. पैशाचंही तसंच, आठवड्याला खर्चापुरते. घरून आधार नसेल तर हे जड जातं. आवळायचं ते हाताच्या अंदाजानं. ड्रेन बोल्टचे आटे मी स्वतः घालवलेत. टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरानं आवळायचा पाना, त्या गॅरेजात नव्हताच.

आणि १ एप्रिल २०२० नंतर गाड्या बदलल्या. बीएस-६ हे धुराचे नवे निकष आले, बहुतेक गाड्यांचा कार्बोरेटर गेला, इंजेक्शन आलं. इथं उस्तादाचा कान पुरत नाही. एकदा पावसाळ्यात एक जण पांदणीत पडला आणि तीन किलोमीटर गाडी ढकलत घेऊन आला. सेल्फ फिरतो, इंजिन लागत नाही. आम्ही प्लग बघितला, पेट्रोल बघितलं, पंपाच्या वायरी बघितल्या. दुपार गेली. गाडी आडवी झाली की इंजिन बंद पाडणारा एक सेन्सर असतो. उभी केल्यावर चावी एकदा बंद करून पुन्हा चालू करायची, एवढंच होतं. तेही मला कंपनीच्या मॅन्युअलमध्ये सापडलं. वायरिंगचा नकाशा आणि मल्टिमीटर वाचायला मला आयटीआयनं शिकवलं होतं, म्हणून मी मॅन्युअल उघडलं. ते श्रेय मी त्या दोन वर्षांना देतो. फिल्टरचंही असंच. नव्या बऱ्याच गाड्यांना तेल लावलेला कागदी फिल्टर येतो. त्याला हवा मारायची नसते, धुवायचा तर अजिबात नसतो, सरळ बदलायचा. आमच्याकडं जुन्या सवयीनं कॉम्प्रेसर लावायचे. आपल्या फुफाट्यात त्याचा परिणाम थेट बोअर-पिस्टनवर होतो.

महिनाभराचा एक तिसरा मार्गही आहे, ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थांचा, म्हणजे आरसेटीचा. शिकवणं, राहणं, जेवण मोफत. ओळख करून घ्यायला चांगला आहे, आणि ५० हजारांपर्यंतचं शिशु मुद्रा कर्ज मागायला बँकेत गेलात तर तो कागद उपयोगी पडतो. तेवढ्यावर गॅरेज टाकू नका, इतकंच म्हणेन.

मग कुणी काय करावं? वय सोळा-सतरा असेल, घरचे दोन वर्षं थांबू शकत असतील, तर आयटीआयला ॲडमिशन घ्या, पण दर रविवारी आणि दर सुट्टीत गॅरेजात बसा. मी ते केलं नाही, ती दोन वर्षं मला नंतर भरून काढावी लागली. वय वीसच्या पुढं असेल, गावातच राहायचं असेल आणि दोन्हीतलं एकच जमणार असेल, तर मी उस्तादाकडं पाठवेन. इंजेक्शन, एबीएस, वायरिंग हे नंतर मॅन्युअल वाचून, एखादा छोटा कोर्स करून शिकता येतं. मलाही ते तसंच आलं. कान मात्र चालत्या गाडीवरच तयार होतो, आणि चुकलेलं काम मालकासमोर पुन्हा खोलायची सवय दुसरीकडं कुठं लागत नाही.

उस्ताद निवडायचा असेल तर उन्हाळ्यात जा. ऊसतोडीच्या गाड्या परत आलेल्या असतात, फुल इंजिनची कामं असतात, हात कमी पडतात. त्यामुळं पोऱ्यालाही पाना मिळतो. पगार किती देता हे पहिल्या दिवशी विचारू नका. संध्याकाळी सातच्या सुमाराला समोरच्या टपरीवर तासभर बसा आणि पाहा. पोऱ्यानं बांधलेल्या इंजिनाला पहिली किक कोण मारतंय? उस्तादच मारत असतील तर दुसरं गॅरेज बघा. पोऱ्या मारतोय आणि उस्ताद बाजूला उभे राहून ऐकतायत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तिथं हजर व्हा.