पुण्यातील बालसंधिवात बाह्यरुग्ण विभाग : एका पालकाचा अभिप्राय

प्रतिजैविके देऊनही ज्यांच्या मुलांना ठरावीक अंतराने ताप येत राहतो, अशा पालकांनी बालसंधिवाततज्ज्ञांचा (हे मुलांच्या सांध्यांबरोबरच शरीरातील दाहामुळे येणाऱ्या तापाचे आजारही पाहतात) सल्ला अवश्य घ्यावा, असे मी पुण्यातील एका खासगी रुग्णालयातील अनुभवावरून आग्रहाने सांगते. या विभागाचे खरे बळ प्रश्न विचारण्यात आहे. ताप किती तास टिकतो, सोबत पुरळ, पोटदुखी किंवा सांधेदुखी असते का, मधल्या काळात मूल पूर्ण बरे असते का, आईवडिलांचे लग्न नात्यातले आहे का, घरात कुणाला बहिरेपणा किंवा मूत्रपिंडाचा विकार आहे का, हे सारे डॉक्टरांनी घाई न करता नोंदवून घेतले. फॅमिलियल मेडिटरेनियन फीवर या वारंवार ताप आणणाऱ्या आनुवंशिक आजाराचा झटका साधारण १ ते ३ दिवसांत ओसरतो, तर क्रायोपायरिन या दाह घडवणाऱ्या प्रथिनाशी संबंधित आनुवंशिक आजारात पित्तासारखे पुरळ अनेकदा तान्हेपणीच दिसते; म्हणूनच तापाची रोजनिशी आणि मोबाइलवर काढलेली पुरळाची छायाचित्रे फार उपयोगी पडतात.

रक्तातून शरीरातील दाह मोजणारी सीआरपी चाचणी तापाचा झटका चालू असताना आणि तो ओसरल्यावर, अशी दोनदा केली. त्यानंतरच जनुकचाचणी सुचवली, हे मला विशेष आवडले. आमच्या मुलीच्या एमईएफव्ही या फॅमिलियल मेडिटरेनियन फीवरशी निगडित जनुकात बदल आढळले. हे जनुक १९९७ मध्ये सापडले. कोल्चिसीन हे औषध नियमित घेतल्यास झटके कमी होतात आणि मूत्रपिंडात अॅमिलॉइड हे अपायकारक प्रथिन साचण्याचा धोकाही टळतो, हे आम्हाला नीट समजावले.

जनुकचाचणीचा खर्च मात्र जड जातो, आणि माहितीपत्रक मराठीत मिळायलाच हवे.