पार्ट लोडचं भाडं दोनदा भरावं लागलं

ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये आमचा केटरिंगवाल्यांसाठी शेगडीचे स्टीलचे स्टँड बनवायचा छोटा कारखाना आहे. मार्चमध्ये नागपूरला 14 नग पाठवायचे होते, वजन 420 किलो. एवढ्याशा मालाला अख्खी गाडी परवडत नाही, म्हणून पार्ट लोड, म्हणजे इतरांच्या मालासोबत एकाच गाडीतून. ओळखीतून एक बुकिंगवाला मिळाला. किलोला 9 रुपयांप्रमाणे 3,780 रुपये त्याने आगाऊ घेतले, पावतीवर ‘पेड’ लिहिलं आणि छोटा हत्ती माल घेऊन गेला.

पार्ट लोडला उशीर होतोच, आणि फसवणारा नेमका त्याच्याच आड लपतो. आपल्याकडचे असे सुटे नग भिवंडीच्या काल्हेर, पूर्णा भागातल्या गोदामांत जमा होतात, गावांप्रमाणे वेगळे होतात आणि त्या बाजूची गाडी भरली की निघतात. त्यामुळे “माल भरतोय, उद्या गाडी सुटेल” हे मला चार दिवस खरंच वाटलं.

सातव्या दिवशी नागपूरच्या ग्राहकाचा फोन आला. “दादा, भाडं राहिलंय म्हणतात. 6,240 रुपये भरल्याशिवाय माल सोडत नाहीत.”

बिल्टीचा, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या माल-पावतीचा, फोटो मागवला. बिल्टी दुसऱ्याच ट्रान्सपोर्टची, आणि त्यावर ‘टू-पे’, म्हणजे भाडं माल घेणाऱ्याने द्यायचं. बुकिंगवाल्याने आमचे पैसे खिशात घातले होते आणि भाडं ग्राहकाच्या माथी मारून माल तिसऱ्याच्या गाडीत चढवला होता. वजन लावलं होतं 610 किलो. त्यात त्या ट्रान्सपोर्टचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आमचे स्टँड पोकळ, जागा खूप खातात, आणि अशा मालाला आकारावरून वजन धरतात. पण हे बुकिंग करताना मला कुणी सांगितलं नाही. ग्राहकाचं लग्नाचं काम अडलं होतं, म्हणून पैसे मीच भरले.

खरा धक्का पुढे होता. दोन नगांतले स्टँड वाकलेले निघाले. भरपाई मागितली तर ट्रान्सपोर्टवाल्याने बिल्टी दाखवली: माल पाठवणारा म्हणून नाव बुकिंगवाल्याचं. आमचं कुठेच नाही.

इशारा माझ्या समोरच होता. माल 1,32,000 रुपयांचा, म्हणून ई-वे बिल, म्हणजे माल नेण्यासाठी लागणारा जीएसटीचा ऑनलाइन कागद, मीच काढलं होतं. बुकिंगवाल्याने दिलेला ट्रान्सपोर्टर आयडी टाकल्यावर बिलावर ज्या कंपनीचं नाव आलं, ते पावतीवरच्या नावाशी जुळत नव्हतं. मी ते वाचलंच नाही. तुम्ही टेम्पो भरण्याआधी ही दोन नावं जुळवून बघा. ई-वे बिलात गाडी नंबर भरला की नाही, हेही रोज बघा. भिवंडीपर्यंतचं अंतर 50 किलोमीटरच्या आतलं, तेवढ्यापुरता नंबर नसला तरी चालतो. पुढे नागपूरला जायला लागतोच.

कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, 2007 प्रमाणे नुकसानीची लेखी नोटीस बुकिंगपासून 180 दिवसांत द्यावी लागते. जास्त जोखमीचा वाढीव दर द्यायचं आधी स्पष्ट कबूल केलं नसेल, तर भरपाई भाड्याच्या 10 पटींपुरतीच. नोटीस मी दोघांनाही पाठवली. बुकिंगवाल्याची परत आली, पत्त्यावर कुणी नाही म्हणून. पोलिसांत अर्ज दिला आहे. पेड लिहिलेली पावती, बिल्टी आणि त्याचे मेसेज त्याला जोडले आहेत.