ओक लाकडाच्या नावाखाली बॉयलरच्या गोळ्या : पेलेट ग्रिल घेताना झालेली फसवणूक

आईची पंचाहत्तरी फेब्रुवारीत होती. इंदूरच्या आमच्या घराला मागे बऱ्यापैकी अंगण आहे, तिथेच चाळीस माणसांचा दाल-बाफल्यांचा, म्हणजे वरण आणि बाटीसारख्या कणकेच्या बाफल्यांचा बेत केला होता. वडील होते तोवर बाफले याच अंगणात गोवऱ्यांवर भाजले जायचे. या वेळी ते मी नव्या पेलेट ग्रिलवर, म्हणजे लाकडी भुशाच्या गोळ्यांवर चालणाऱ्या शेगडीवर भाजत होतो, शेजारच्या जाळीवर वांगी आणि पनीर होतं. संध्याकाळचा गारठा होता म्हणून आईची खुर्ची मुद्दाम ग्रिलजवळ मांडली होती. दुसऱ्या खेपेसाठी झाकण उघडलं आणि वास आला तो नव्या फर्निचरच्या दुकानात येतो तसला. डोळे चुरचुरले. आईला दमा आहे, तिला जी ढास लागली ती घरात नेऊन पंप देईपर्यंत थांबली नाही.

माझा मामेभाऊ फर्निचरचं काम करतो. त्याने हॉपरमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या डब्यात हात घालून मूठभर गोळ्या काढल्या, दोन बोटांत एक मोडली, हुंगली आणि म्हणाला, "दादा, हा प्लायचा भुसा आहे. माझ्या कारखान्यात रोज झाडतो मी हा." तोवर पहिल्या खेपेचे बाफले लोकांच्या पानात गेले होते. मी पानापानापाशी जाऊन ते परत घेतले. कोपऱ्यावरच्या हलवायाकडून पुरी-भाजी आणून पंगत पुरी केली. त्या गोळ्या मला "अमेरिकन ओक, फूड ग्रेड" म्हणून विकल्या होत्या, १६० रुपये किलोने.

हे यंत्र मी पहिल्यांदा पाहिलं ते ह्यूस्टनला, धाकट्या भावाकडे. सकाळी त्याने कोंबडी आत ठेवली, आकडा लावला आणि आम्ही बाहेर फिरून आलो. दुपारी ती हाडापासून आपोआप सुटत होती आणि लाकडाच्या धुराची चव आतपर्यंत उतरली होती. युक्ती साधी आहे. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या पेन्सिलीएवढ्या जाड गोळ्या हॉपरमध्ये भरायच्या. विजेवर फिरणारा स्क्रू त्या थोड्याथोड्या करून तळाच्या छोट्या शेगडीत ढकलतो. तापणारी एक कांडी त्या पेटवते, पंखा हवा मारतो, आणि आतलं तापमान मोजून कंट्रोलर स्क्रूचा वेग कमीजास्त करतो. १९७० च्या दशकातल्या तेलटंचाईनंतर अमेरिकेत घर उबदार ठेवायला अशा गोळ्यांच्या शेगड्या निघाल्या होत्या. त्याच तत्त्वावर ऑरेगनमधल्या माउंट एंजेल गावच्या जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकात स्वयंपाकाचं ग्रिल केलं. त्यांच्या पेटंटची मुदत २००६ मध्ये संपली आणि मग बऱ्याच कंपन्या ही ग्रिल करू लागल्या. म्हणजे यंत्र चांगलंच आहे. मी फसलो तो यंत्रामुळे नाही.

इथे परतल्यावर चौकशी करता करता बायपासकडच्या एका दुकानाचा पत्ता मिळाला. आम्ही पोचलो तेव्हा ग्रिल आधीपासून चालू होतं, झाकणाखाली मक्याची कणसं भाजत होती. मालक म्हणाला, "साब, पूरा इम्पोर्टेड है, तीन सौ चार स्टील, पाँच सौ डिग्री तक जाता है. तंदूरी रोटी, बाफले, पिझ्झा, सब." तीनशे चार म्हणजे न गंजणाऱ्या स्टीलचा चांगला प्रकार. पडद्यावर ३५० आकडा दिसत होता. भट्टीच्या तंदुरात चारशेच्या आसपास उष्णता असते हे मला ठाऊक होतं, त्यामुळे पाचशे ऐकून मी हरखलोच. ते आकडे फॅरनहाइटमधले होते. पाचशे फॅरनहाइट म्हणजे २६० सेल्सिअस. भावाकडे कोंबडी २२५ वर शिजत होती, ते तर जेमतेम १०७ सेल्सिअस. २६० सेल्सिअसला बाफले छान भाजतात, पण तंदुरी रोटी होत नाही. मी बायकोसमोर त्याला दोनदा विचारलं, "सेल्सिअस ना?" दोन्ही वेळा तो हो म्हणाला. पडद्यावरचा छोटा एफ मी वाचायला हवा होता.

किंमत ठरली ८५,००० रुपये. गोळ्यांच्या नऊ किलोच्या पाच पिशव्या वेगळ्या. ४०,००० यूपीआयने आगाऊ दिले, बाकीचे माल उतरवताना रोख. त्याने हातात ठेवलं ते एस्टिमेट. पक्कं बिल मागितलं तर म्हणाला, "वो जीएसटी लगेगा, पंद्रह हज़ार ऊपर जाएगा." मी गप्प बसलो. इंदुरात कच्च्या बिलावर इतका व्यवहार चालतो की त्यात काही वावगं वाटेनासं झालंय. पुढे तक्रार करताना सगळ्यात जास्त नडलं ते हेच. एस्टिमेटवर पंधरा अक्षर-आकड्यांचा एक जीएसटी नंबर छापलेला होता, तोही मी नंतर नीट पाहिला. सुरुवातीचे दोन आकडे २७, म्हणजे महाराष्ट्राचे. मध्य प्रदेशाचे २३ असतात. जीएसटीच्या पोर्टलवर तो नंबर टाकला तर कापडाच्या एका व्यापाऱ्याचा निघाला, नोंदणी रद्द झालेला. पैसे देण्याआधी हे बघायला मला दोन मिनिटं लागली असती.

पंचाहत्तरीच्या दुसऱ्या दिवशी मी आणि मामेभाऊ त्या गोळ्या घेऊन बसलो. काचेच्या पेल्यात गरम पाणी घेतलं, त्यात मूठभर टाकल्या. निव्वळ लाकडाची गोळी अशी विरघळली की खाली एकाच रंगाचा बारीक भुसा बसतो. आमच्या पेल्यात पांढरे-तपकिरी कपचे वर आले, लॅमिनेटचे चकचकीत तुकडे आले आणि सोयाबीनच्या टरफलांसारखं काहीतरी आलं. चांगल्या गोळीत वेगळा गोंद नसतोच. दाबाने आणि उष्णतेने लाकडातलंच लिग्निन मऊ होऊन तिला धरून ठेवतं. प्लायच्या थरांत मात्र फॉर्मल्डिहाइडचा गोंद असतो, आणि त्याच्या धुरावर मी आईसाठी स्वयंपाक करत होतो. हे लिहितानाही अंगावर काटा येतो.

मग राख मोजली. पंचाहत्तरीच्या आधी घरच्यांसाठी तीनदा ग्रिल चालवलं होतं, त्यात एक पिशवी संपली होती. तिची राख मी झाडांना घालायची म्हणून डब्यात ठेवली होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर ती ६१० ग्रॅम भरली. शुद्ध लाकडाच्या गोळीची राख एक टक्क्याहून कमी असते, म्हणजे नऊ किलोला नव्वद ग्रॅमच्या आत. वर शेगडीच्या तळाशी विटभट्टीत निघतात तसले खंगर चिकटले होते. पिकांच्या टरफलांची राख लाकडाच्या राखेपेक्षा लवकर वितळते, तिचे असे खडे होतात आणि हवेची भोकं बुजतात. त्या तीन वेळांना धूर जास्त वाटला होता, पण नवीन आहे, रंग जळत असेल, असं मी स्वतःला समजावलं होतं. सांवेर रोडला गोळ्यांच्या एका व्यापाऱ्याला नमुना दाखवला तेव्हा त्याने एका नजरेत सांगितलं, "ये तो बॉयलर का माल है भैया." त्याच्याकडे तो दहा रुपये किलो होता. तो काही लपवत नव्हता. कारखान्यांच्या बॉयलरमध्ये जाळायला म्हणून विकतो आणि तसं सांगतोही.

दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, पेलेट ओले झाले असतील. फेब्रुवारीत इंदुरात कुठली ओल? आणि ओल लागलेली गोळी फुगून भुसा होते, स्क्रू अडकतो, तिला प्लायचा वास येत नाही. मग म्हणाला सेटिंग बिघडली असेल, माणूस पाठवतो. तो मुलगा आला. ग्रिलसोबत एक जड लोखंडी डबा दिला होता, "स्टॅबिलायझर" म्हणून. ग्रिल त्यातूनच चालवायचं असं सांगितलं होतं. मुलाने तो बाजूला केला, "यही गड़बड़ कर रहा है" म्हणाला, वायरचा चपट्या दातांचा प्लग कापून आपला तीन पिनांचा लावला आणि बटण दाबलं. पेटवायची कांडी लाल होऊन काही सेकंदांत तुटली, कंट्रोलरमधून धूर निघाला.

रात्री भावाला व्हिडिओ कॉल लावला. तो म्हणाला, "दादा, मागचं स्टिकर दाखव." त्यावर स्वच्छ लिहिलं होतं, १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. तो डबा स्टॅबिलायझर नव्हताच, २३० चे ११० करणारा ट्रान्सफॉर्मर होता. कांडी थेट आपल्या विजेवर लावली की ती साडेतीन पटींहून जास्त वीज खेचते. भावाने सिरीयल नंबर लिहून घेतला आणि दुसऱ्या दिवशी बनवणाऱ्या कंपनीला विचारलं. ग्रिल सहा वर्षांपूर्वी अमेरिकेतच विकलं गेलं होतं. म्हणजे मला नवं म्हणून वापरलेलं दिलं, आणि वॉरंटीही भारतात लागू नव्हती. तीनशे चारचं म्हणाल तर त्याला चुंबक सहसा चिकटत नाही, या झाकणाला मात्र फ्रिजवरचं चुंबक टचकन चिकटलं. ते रंगवलेलं साधं पोलाद होतं. चुंबक चिकटलं नाही म्हणून मात्र कुणी निर्धास्त होऊ नका. स्वस्त २०२ स्टीललाही ते सहसा चिकटत नाही. भांडीबाजारात त्यासाठी औषधाचा थेंब टाकून बघतात, २०२ असेल तर डाग लाल होतो.

दुकानदाराचं उत्तर होतं, "आपने डायरेक्ट लाइट में लगाया, अब हमारी ज़िम्मेदारी नहीं." प्लग कापणारा मुलगा त्याचाच होता. नशिबाने बायकोने त्याचं काम करतानाचं मोबाइलवर चित्रण केलं होतं, तेही पुढे भांडण होईल म्हणून नव्हे, पुन्हा प्लग बदलायची वेळ आली तर लक्षात राहावं म्हणून.

तुम्ही कुणी असं ग्रिल घेणार असाल तर दुकानात आधीच तापवलेलं यंत्र पाहून भुलू नका. थंड यंत्र तुमच्यासमोर पेटवायला लावा, मागचं स्टिकर स्वतः वाचा, सिरीयल नंबर आदल्या दिवशी मागून घ्या. आयात केलेल्या मालाच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि मालाचा देश छापावाच लागतो. माझ्या ग्रिलला खोकंच नव्हतं, जुन्या ब्लँकेटात गुंडाळून आलं होतं. गोळ्यांची पिशवी दुकानातच फोडा आणि पेलाभर गरम पाणी मागा. जो दुकानदार नाही म्हणेल, त्याच्याकडून उठा.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. त्यांनी ती दुकानाकडे पाठवली, उत्तर आलं नाही. मग वकिलामार्फत रजिस्टर पोस्टाने नोटीस दिली. त्यानंतर आठ दिवसांत २०,००० रुपये खात्यात आले आणि "अब मामला ख़त्म करो" असा निरोप. मी ते पैसे मिळाल्याचं लेखी कळवलं आणि मामला संपला नाही असंही लिहिलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार ई-जागृती पोर्टलवरून केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, आणि २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो तिथेच ती करता येते. मुदत दोन वर्षांची असते. रोख दिलेल्या ४५,००० रुपयांचा पुरावा माझ्याकडे नाही, पण एस्टिमेटवर त्याच्याच हस्ताक्षरात "फुल पेमेंट" लिहिलेलं आहे आणि यूपीआयचे ४०,००० त्याच्या स्वतःच्या नावावर गेलेत.

आई आता बरी आहे. अंगणात पुन्हा गोवऱ्या आल्यात आणि बाफले तीच सांगेल तसे भाजतो. गोळ्यांच्या पाचपैकी तीन पिशव्या मामेभावाला म्हटलं घेऊन जा, टाकून दे. वकिलांनी थांबवलं. आयोग मालाचा नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो, त्यासाठी न उघडलेली पिशवी लागेल. म्हणून त्या तिन्ही, दुकानाच्या शिवणीसकट, जिन्याखाली प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवल्यात. पावसाळ्याच्या आत तारीख लागावी एवढंच बघतोय.