खारघरचा ‘अध्यात्म की भौतिकवाद’ अभ्यासवर्ग: ध्यान उत्तम, विज्ञान कच्चे

खारघरमध्ये पावसाळ्यातल्या रविवारी सकाळी भरणारा ‘अध्यात्म की भौतिकवाद’ हा अभ्यासवर्ग मी नुकताच पूर्ण केला. तो चालवणाऱ्या न्यासाचे नाव येथे देत नाही, कारण असे वर्ग आता नेरूळ, वाशी आणि ठाण्यातही ठिकठिकाणी भरतात, त्यांच्या पुस्तिका बहुतेक एकाच साच्यातल्या असतात आणि माझे आक्षेप एका न्यासापुरते नाहीत. आधीच मत सांगून टाकतो. ध्यानाच्या तासाला पैसे वसूल होतात, तत्त्वज्ञानाचा तास अर्धामुर्धा आहे, आणि विज्ञानाविषयी जे सांगितले जाते त्यातला काही भाग चुकीचा तर आहेच, शिवाय एखाद्याच्या जिवावर बेतेल असा आहे.

व्यवस्थेबद्दल तक्रार नाही. शुल्क दीड हजार रुपये असून त्यात पुस्तिका, चहा आणि नाश्ता येतो. सभागृह मेट्रोच्या उत्सव चौक स्थानकापासून पायी जाण्याजोगे आहे. गाडी नेल्यास मात्र ती लावायला जागा शोधत फिरावे लागते. स्वयंसेवक अदबीने वागतात, गुडघेदुखीवाल्यांना न मागता खुर्ची देतात आणि कार्यक्रम घड्याळाच्या ठोक्याला सुरू करतात, जे आपल्याकडच्या सार्वजनिक कार्यक्रमांत विरळाच. श्रोत्यांत निवृत्त मंडळी जास्त, पण ऐरोली-महापेच्या कंपन्यांत काम करणारी तरुण मुलेही बरीच होती आणि वह्या भरभरून टिपणे काढत होती.

अडचण सुरू होते ती पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर. तेथे मधोमध उभी रेघ मारून दोन रकाने केले आहेत. डावीकडे ‘अध्यात्म’ या शीर्षकाखाली शांती, त्याग, आत्मा, संयम, पूर्व. उजवीकडे ‘भौतिकवाद’ या शीर्षकाखाली ताण, हव्यास, देह, भोग, पश्चिम, आणि सगळ्यात खालच्या ओळीत ठळक अक्षरांत ‘विज्ञान’. पहिल्या वक्त्यांनी हेच कोष्टक फळ्यावर काढले आणि पुढची सर्व व्याख्याने त्याच रेघेच्या आधाराने चालली. या उजव्या रकान्यात खरे तर एकमेकांशी फारसा संबंध नसलेल्या तीन गोष्टी कोंबल्या आहेत. जग जडद्रव्याचेच बनलेले आहे असे मानणे हा एक तात्त्विक सिद्धान्त आहे. वस्तूंची हाव धरणे हा स्वभावाचा दोष आहे. आणि एखादे विधान खरे की खोटे हे तपासून पाहणे ही कामाची एक रीत आहे. आत्मा न मानणारा माणूस दोन जोडी कपड्यांत आयुष्य काढू शकतो आणि रोज काकडआरतीला जाणाऱ्याचे तीन सेक्टरांत तीन फ्लॅट असू शकतात. दोन्ही प्रकारची माणसे आपल्या ओळखीत असतात.

विज्ञान म्हणजे चैनीच्या वस्तूंचा कारखाना, हे गृहीत वर्गात कोणी तपासलेच नाही. वास्तविक विज्ञानाने माणसाचे जे सर्वांत मोठे भले केले त्यातले बरेचसे अगदी साधे आणि स्वस्त आहे. १९७१ साली बांगलादेश युद्धातल्या निर्वासितांच्या पश्चिम बंगालमधल्या बनगाव येथील छावणीत पटकीची (कॉलऱ्याची) साथ पसरली आणि शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण पिंपांत कालवून रुग्णांना पाजण्याचा निर्णय घेतला. छावणीतले मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या खाली आले. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांबरोबर शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणीही शरीरात जाते, एवढ्या एका शोधावर हा उपाय उभा आहे. यात भोग कुठला आणि हव्यास कुठला, हे तिसऱ्या पानाच्या लेखकाने सांगावे. जमिनीवर ओळीने निजलेल्या निर्वासितांना रात्रंदिवस ते द्रावण पाजत राहण्याला सेवा म्हणत असतील, तर ती त्याच्या डाव्या रकान्यात जायला हवी.

तत्त्वज्ञानाच्या तासाला चार्वाक या प्राचीन भारतीय भौतिकवादी मताचा निकाल कर्ज काढून तूप पिण्याच्या त्या प्रसिद्ध श्लोकावर, टाळ्यांच्या गजरात, अवघ्या काही मिनिटांत लागला. चार्वाकमताचे मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीत आणि आपल्याला ते मत मुख्यत्वे विरोधकांच्या लेखनातून कळते, चौदाव्या शतकातल्या माधवाचार्यांच्या ‘सर्वदर्शनसंग्रहा’तून विशेषेकरून, ही साधी गोष्ट श्रोत्यांना सांगायला हवी होती. त्या मताची खरी धार तुपात नाही. जे प्रत्यक्ष दिसते त्यापलीकडचे कशाच्या आधारावर मानायचे, हा त्याचा प्रश्न आहे, आणि आपल्या आस्तिक दर्शनांनी शतकानुशतके त्याच्याशी झुंजूनच आपले प्रमाणशास्त्र, म्हणजे खरे ज्ञान कशाने मिळते याचा विचार, धारदार केले. पूर्वपक्ष, म्हणजे विरोधकाचे म्हणणे, नीट मांडल्याशिवाय खंडन करायचे नाही ही तर आपलीच परंपरा. ती अध्यात्माच्या वर्गात पाळली जाऊ नये याचे वाईट वाटले.

आता मुख्य तक्रार. ‘मनाची शक्ती’ या सत्रात बाहेरून आलेले एक वक्ते होते. बोलणे ओघवते, आवाज कमावलेला. शरीरातल्या पेशी आपले विचार ऐकतात, कर्करोग हा दडपलेल्या रागाचा आजार आहे, आणि रोज ठरावीक वेळ प्रकाशाचे ध्यान केल्यास गाठ विरघळते, असे त्यांनी ठामपणे सांगितले. मागच्या ओळीतल्या एक परिचारिका उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, आमच्याकडे गाठ हाताला लागल्यापासून चार-पाच महिन्यांनी पेशंट येतात. मधले महिने कुठे गेले असं विचारलं की असंच काहीतरी सांगतात.” त्यावर वक्ते हसून उत्तरले, “ताई, औषध सोडा असं मी कुठे म्हटलं? पण श्रद्धा अपुरी असेल तर औषध तरी काय करणार?” सभागृहात काही जणांनी मान डोलावली. म्हणजे रुग्ण बरा झाला तर ध्यानाचे यश आणि दगावला तर त्याच्याच श्रद्धेत खोट. माझ्या मते संपूर्ण वर्गातले हे सर्वांत क्रूर वाक्य होते, आणि अध्यात्माचा करुणेशी काही संबंध असेल तर सर्वांत अनाध्यात्मिकही.

याबाबतचे पुरावे उपलब्ध आहेत. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, शरीरात इतरत्र न पसरलेला कर्करोग असूनही प्रचलित उपचार नाकारून पर्यायी उपचारांवरच विसंबलेल्या २८१ रुग्णांची तुलना उपचार घेतलेल्यांशी केली गेली. पर्यायी उपचारांवर विसंबलेल्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट आढळला आणि स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटींहून अधिक. आपल्या देशात १९५४ पासून असलेला औषधे व चमत्कारी उपचारांच्या जाहिरातींविषयीचा कायदा कर्करोग बरा करण्याच्या दाव्याची जाहिरात करायला मनाई करतो. न्यासाच्या विश्वस्तांनी तो एकदा वाचावा.

आणि हे सर्व बोलले जाते कुठे, तर खारघरमध्ये. याच उपनगरात टाटा स्मारक केंद्राचे ‘अ‍ॅक्ट्रेक’ हे कर्करोग संशोधन आणि उपचार केंद्र आहे. तेथे २००५ साली ‘भाभाट्रॉन’ हे किरणोपचाराचे स्वदेशी यंत्र पहिल्यांदा बसवले गेले. भाभा अणुसंशोधन केंद्राने टाटा स्मारकाच्या साहाय्याने ते घडवले, कारण परदेशी यंत्रांच्या किमती लहान रुग्णालयांना झेपत नव्हत्या. त्यात कोबाल्ट-६० हे किरणोत्सर्गी द्रव्य वापरतात, ज्याची किरणोत्सर्गाची तीव्रता साधारण सव्वापाच वर्षांत निम्मी होते, म्हणून ठरावीक काळाने स्रोत बदलावा लागतो आणि दरम्यान प्रत्येक रुग्णाला किती वेळ किरण द्यायचे याचे गणित पुनःपुन्हा करावे लागते. विज्ञानाने माणसाला अणुबॉम्बच दिला असे पहिल्या व्याख्यानात ऐकवले गेले तेव्हा त्या अणुकेंद्राच्या ज्ञानातून निघालेले हे यंत्र पहिल्यांदा याच उपनगरात बसवले गेले होते, हे कोणाला आठवले नाही.

टाटा स्मारकाच्या मुळाशीही पुस्तिकेची रेघ टिकत नाही. लेडी मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने वारल्या. पतीला, दोराबजींना, त्या दुःखातून तशा उपचारांची सोय आपल्या देशात व्हावी असे वाटले. त्यांच्या पश्चात त्यांच्या न्यासाने १९४१ साली परळला रुग्णालय उभे केले आणि १९६२ साली ते अणुऊर्जा विभागाकडे गेले. उद्योगातला पैसा, पत्नीवियोगाचे दुःख, दानाची बुद्धी आणि अणुशास्त्र, यांतले काय कोणत्या रकान्यात टाकायचे? विज्ञान किरणांची मात्रा सांगते. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्यालाही ती मिळावी की नाही हे विज्ञान सांगत नाही, आणि अध्यात्माचे काम नेमके तेथे आहे. वर्गाने हे काम उचलले असते तर मी दुप्पट शुल्क आनंदाने भरले असते.

‘क्वांटम आणि वेदान्त’ या सत्राविषयी फार लिहावे असे नाही. निरीक्षक पाहतो म्हणून कणाची अवस्था ठरते, अर्थात चैतन्य हेच अंतिम सत्य, असा युक्तिवाद होता. तुर्भ्याच्या बाजूला नोकरी करून निवृत्त झालेल्या एका अभियंत्यांनी हरकत घेतली, “अहो, तिथे पाहणारा म्हणजे उपकरण. आम्ही प्रयोगशाळेला कुलूप लावून घरी गेलो तरी मोजणी रात्रभर चालायची.” वक्त्यांना याचे उत्तर देता आले नाही, म्हणून त्यांनी क्वांटम सिद्धान्ताचे एक शिल्पकार श्रोडिंगर यांना वेदान्ताचे आकर्षण होते याचा दाखला दिला. आकर्षण होते हे खरे. पण १९२६ चे त्यांचे समीकरण मान्य झाले ते हायड्रोजनच्या वर्णपटाशी जुळले म्हणून. ज्या अद्वैताची मांडणी शंकराचार्यांनी बाराशे वर्षांपूर्वी स्वतःच्या तर्कावर उभी केली, त्याला भौतिकशास्त्राचे प्रशस्तिपत्र मिळवून देण्याची ही धडपड मला अद्वैताचा अपमान करणारी वाटते.

आता ध्यानाच्या तासाकडे येतो, कारण तो न सांगणे अन्यायाचे होईल. तो घेणाऱ्या बाई मध्यमवयीन, मोजके बोलणाऱ्या. संगीत नाही, धूप नाही. श्वास आत येताना नाकपुडीला लागणारा गारवा आणि बाहेर जाताना जाणवणारी ऊब, एवढ्याकडेच लक्ष ठेवायला त्यांनी सांगितले. मन भटकले तर त्याला रागवायचे नाही, परत आणायचे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी स्वतःच्या मनाने एकही गोळी बंद करू नये, हे त्यांनी दर वेळी आवर्जून बजावले. कोणी विचारले, “मॅडम, याने काय काय बरं होतं?” तर त्या म्हणाल्या, “चिडचिड थोडी कमी होते. झोप बरी लागते. त्यापुढचं मी सांगणार नाही.” झोपेचा भाग सोडल्यास शास्त्रीय पुराव्याशी हे उत्तर बरेचसे जुळते: २०१४ साली ४७ चाचण्यांचा, सुमारे साडेतीन हजार जणांचा एकत्रित आढावा अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ध्यानाच्या कार्यक्रमांनी चिंता, नैराश्य आणि वेदना अल्प ते मध्यम प्रमाणात कमी होतात, मात्र व्यायाम किंवा औषधे यांपेक्षा ध्यान सरस असल्याचा पुरावा नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. बाईंनी तो वाचला असेल की नाही कोण जाणे, पण त्यांचा दावा त्यांच्या अनुभवाच्या बाहेर पाऊल टाकत नव्हता. घरी बसून करायला मला हाच भाग उपयोगी पडला आणि अजून चालू आहे.

पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर विनोबांचे चित्र छापले आहे. ते याच रायगड जिल्ह्यातल्या गागोद्याचे, त्यामुळे येथे त्यांच्याविषयी जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. विज्ञान गती देते आणि आत्मज्ञान दिशा देते, दोन्हींचा योग झाला तरच सर्वोदय, असे ते आयुष्यभर सांगत राहिले. त्यांचे चित्र वर आणि आत विज्ञान उजव्या रकान्याच्या तळाशी, ही विसंगती मी अभिप्राय-पत्रकात नोंदवली आहे. त्याच पत्रकात मनाच्या शक्तीचे सत्र वगळावे, किंवा निदान त्या दिवशी एखाद्या कर्करोगतज्ज्ञाला बोलवावे, असेही लिहिले आहे. राज्यघटनेच्या ५१ क (ज) या कलमाने वैज्ञानिक दृष्टिकोन आणि मानवतावाद हे दोन्ही नागरिकाच्या कर्तव्यांत शेजारी-शेजारी ठेवले आहेत. पुस्तिकेच्या पुढच्या आवृत्तीला तेवढा आधार पुरेल.

ज्यांना स्वस्थ बसायला शिकायचे आहे त्यांनी जरूर जावे. घरात कोणाचे कर्करोगाचे उपचार चालू असतील तर त्या रुग्णाला या वर्गाला पाठवू नये. शेवटच्या दिवशी ‘पुढील टप्पा’ म्हणून साडेसहा हजारांच्या निवासी शिबिराचा अर्ज हातात ठेवतात आणि जागा मर्यादित असल्याचे वारंवार सांगतात. घाई करण्याचे कारण नाही, जागा बहुधा शिल्लक असतात. केवळ ध्यानाच्या तासाला बसायचे असल्यास वेगळे शुल्क भरून प्रवेश मिळतो. फलकावर हे कोठेही लिहिलेले नाही, नोंदणीच्या टेबलावर विचारावे लागते.