विद्यापीठाचं एमआरआय सेंटर: मॅग्नेट झकास, बाकीचं सांभाळून घ्या

नाव घेत नाही, कारण मला अजून तिथेच स्लॉट मागायचेत. मुंबईतल्या एका विद्यापीठाचं एमआरआय रिसर्च सेंटर, एवढंच सांगते. आमचा स्टडी साठीच्या पुढच्या लोकांच्या स्मरणशक्तीवर आहे, त्यामुळे बरेच महिने आजी-आजोबांना घेऊन तिथे ये-जा चालू आहे. कोणी नवीन स्टुडंट तिथे डेटा काढायचा विचार करत असेल तर त्याच्यासाठी हा रिव्ह्यू. आणि आधीच सांगते, पाठ दुखते म्हणून स्वस्तात एमआरआय होईल या आशेने कोणी जाऊ नका, तिथे रिपोर्ट मिळत नाही, हॉस्पिटल नाहीये ते.

मशीन थ्री टेस्लाचं आहे (टेस्ला हे चुंबकाची ताकद मोजायचं एकक), बोअर (आत सरकायचा बोगदा) 70 सेंटिमीटरचा, म्हणजे जरा अंगाने भरलेला माणूसही आरामात आत जातो, जुन्या 60 वाल्यांमध्ये खांदे घासायचे. थ्री टेस्ला म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साधारण 60-70 हजार पट. आणि लोकांना वाटतं की स्कॅन संपला की मशीन बंद होतं, तर तसं काही नसतं. आतली निओबियम-टायटॅनियमची कॉइल द्रव हेलियममध्ये उणे 269 डिग्रीला बसलेली असते, त्या थंडीत तिला रेझिस्टन्सच उरत नाही, त्यामुळे एकदा सोडलेला करंट फिरतच राहतो, लाइट गेली तरी चुंबक चालूच. 2018 मध्ये आपल्या मुंबईतच एका हॉस्पिटलात ऑक्सिजन सिलिंडर घेऊन एमआरआय रूममध्ये गेलेला माणूस जिवानिशी गेला, आठवत असेल. त्यामुळे इथे दारावर जी कडक शिस्त आहे तिला माझ्याकडून फुल मार्क. दोन दारं, मधे लोखंड दिसलं की कोकलणारा डिटेक्टर, आणि एवढं करूनही टेक्नॉलॉजिस्ट ताई हातात छोटं चुंबक घेऊन संशयाची प्रत्येक वस्तू तपासतात. एकदा तर प्रोफेसर साहेबांनाच बाहेर काढलं, खिशात चाव्यांचा जुडगा होता. कोणाचीही भीड नाही ठेवत, बरं वाटलं बघून.

आपल्याकडच्या बायकांचं चेकिंग म्हणजे वेगळंच प्रकरण असतं. मंगळसूत्र, बांगड्या, यू-पिना, ब्लाऊजचे हूक, साडीच्या निऱ्यांना लावलेली सेफ्टी पिन जी लावलीये हे स्वतःलाच आठवत नसतं, जरीची साडी, आणि गजरा! गजऱ्यातसुद्धा कधीकधी तार निघते. एका काकूंची जोडवी लग्नापासून निघालीच नव्हती, त्या म्हणाल्या "अगं राहू दे की, चांदीचीच तर आहेत." चांदी चुंबकाला ओढली जात नाही हे खरं, पण ताईंनी त्यांना खुर्चीत बसवलं, साबणाचं पाणी आणलं, खाली बसून एकेक जोडवं फिरवत फिरवत काढलं, डबीत घालून डबी काकूंच्या यजमानांच्या हातात दिली, तोपर्यंत पुढचा स्लॉटवाला बाहेर घड्याळ बघत होता. घाई नाही की चिडचिड नाही. सेंटरची खरी इक्विपमेंट ही ताईच आहे असं माझं मत झालंय.

आता इमेजेस. हेड कॉइल, म्हणजे सिग्नल पकडायला डोक्याभोवती बसवतात तो पिंजरा, दोन आहेत, 64 चॅनलची आणि 20 चॅनलची. 64 वर सिग्नल अप्रतिम, पण डोक्याला इतकी घट्ट बसते की मोठ्या नाकाच्या माणसाने विचार करूनच पडावं, आणि चष्मा तर शक्यच नाही. म्हाताऱ्या माणसांना 20 मध्येच घाला, थोडा सिग्नल गेला तरी चालेल पण माणूस हलत नाही, आणि हललेल्या डोक्याचा 64 चॅनलचा डेटा घेऊन काय करायचंय? चष्म्यासाठी प्लास्टिक फ्रेमचा सेट आहे, वेगवेगळे नंबर लावून मिळतात, फक्त सिलिंड्रिकल नंबरवाल्यांचं काही होत नाही. मेंदूची रचना दाखवणारा एक मिलिमीटरचा टी-वन स्कॅन साधारण पाच मिनिटांत होतो आणि ग्रे-व्हाइट मॅटर इतकं सुरेख वेगळं दिसतं की बघत राहावंसं वाटतं. फंक्शनल, म्हणजे मेंदूचं काम दाखवणाऱ्या स्कॅनलाही तक्रार नाही. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिथे ऑक्सिजनवालं रक्त गरजेपेक्षा जास्त धावतं, आणि ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाला वेगळं वागतं, त्या फरकावर सगळा खेळ. फरक असतो एखाद-दोन टक्क्यांचा, म्हणून मशीन स्थिर पाहिजे, आणि इथे ते आहे. दर आठवड्याला फँटम (माणसाऐवजी ठेवायची चाचणीची वस्तू) ठेवून चेक करतात, त्याचे ग्राफ भिंतीवर लावलेत, कोणीही बघू शकतं.

मॉक स्कॅनर ही तिथली सगळ्यात भारी सोय. खोटं मशीन, आत चुंबक नाही, फक्त बोगदा, सरकणारा पलंग आणि स्पीकरवर रेकॉर्ड केलेला आवाज. खऱ्या स्कॅनचा आवाज म्हणजे बिल्डिंगशेजारी मेट्रोचं पायलिंग चालू आहे असं समजा, ग्रेडियंट कॉइलमधून (चुंबकक्षेत्र जागेनुसार बदलणाऱ्या कॉइल) करंट भराभर उलटसुलट जातो, चुंबकात त्या कॉइल्स थरथरतात, 100 डेसिबलच्या वर सहज जातो, म्हणून इअरप्लग आणि वरून हेडफोन असे दोन्ही देतात. नवख्या माणसाला थेट त्यात घातलं तर तो पहिल्या मिनिटाला हातातला अलार्मचा रबरी बल्ब दाबून बाहेर येणार. मॉकमध्ये पंधरा मिनिटं पडून राहिले की निम्मी भीती तिथेच जाते. मुलांचे स्टडी करणाऱ्यांनी तर याशिवाय सुरूच करू नये. फुकट आहे, फक्त वेगळं बुक करावं लागतं.

आता रडगाणं. करोडोंचं मशीन घेतलं आणि त्याच्या भोवतीच्या सामानावर पैसे द्यायला हात आखडला, असं सरळ दिसतं. प्रोजेक्टर जुना आहे, खोलीच्या मागच्या भिंतीतल्या नळीतून पडद्यावर टाकतात आणि पार्टिसिपंट आरशातून बघतो, पण पिवळा आणि पांढरा वेगळा कळत नाही, म्हणजे रंगावरचा टास्क असेल तर विसरा. बटण बॉक्स फायबर ऑप्टिकचा आहे, चांगल्या कंपनीचा, पण डावीकडचं दुसरं बटण कधी लागतं कधी नाही, आणि हे कळतं कधी तर आजोबा आत अर्धा तास पडून झाल्यावर. आता आम्ही प्रत्येक सेशनच्या आधी सगळी बटणं दाबून बघतो, तुम्हीही बघा. ट्रिगर (स्कॅन सुरू झाल्याचा मशीनचा इशारा) मात्र बरोबर येतो, टास्क दाखवणाऱ्या सायकोपाय सॉफ्टवेअरने पहिल्याच दिवशी पकडला.

एक गंमत सांगते. काही दिवस सगळ्यांच्या इमेजवर एक बारीक रेघ यायला लागली, कुठून ते कळेना. ही खोली चारही बाजूंनी तांब्याने मढवलेली असते, कारण थ्री टेस्लाला शरीरातले हायड्रोजनचे प्रोटॉन साधारण 128 मेगाहर्ट्झला बोलतात, एफएम रेडिओच्या जरा वर, बाहेरचा आवाज आत आला तर खेळ खल्लास. इंजिनियर आले, दाराच्या कडेच्या तांब्याच्या पट्ट्या पुसल्या, केबल्स बघितल्या, काही नाही. शेवटी निघालं काय, तर मेंटेनन्सवाल्यांनी खोलीतला गेलेला दिवा काढून तिथे साधा एलईडी लावला होता! तोच आत बसून गोंगाट करत होता. दिवा काढला, रेघ गेली. दोषी कोण यावर मेल अजून चालू आहेत.

पावसाळ्यात बुकिंग करताना जपून. मुंबईची दमट हवा आणि हे मशीन यांचं जमत नाही, चिलर (मशीनला थंड पाणी पुरवणारं यंत्र) ट्रिप झाला की ग्रेडियंट्सचं कूलिंग जातं आणि दिवसभराचे स्लॉट रद्द. पार्टिसिपंट डोंबिवलीवरून दोन लोकल बदलून आलेले असतात, त्यांना परत पाठवताना आपला चेहरा बघण्यासारखा होतो. रद्द झाला तर पैसे परत मिळतात पण तारीख मात्र पुन्हा रांगेत मागून. कन्सोलच्या खोलीत बसलात आणि शांततेत चिर्प-चिर्प असा आवाज आला तर घाबरू नका, तो हेलियम थंड ठेवणारा कोल्ड हेड आहे, तो बंद पडला तर खरं घाबरायचं. एक लिटर द्रव हेलियम उकळलं की 700 लिटरहून जास्त वायू होतो, म्हणून छतातून तो जाडजूड पाइप बाहेर काढलाय.

बाकी किरकोळ. डेटा त्याच दिवशी सर्व्हरवर येतो, पेनड्राइव्ह अजिबात लावू देत नाहीत, हे उत्तम. स्कॅनमध्ये चुकून काही वेगळं दिसलं तर रेडिओलॉजिस्ट बघतात, आणि सांगायचं कोणी याची पद्धत लिहून ठेवलेली आहे, आमच्या एका पार्टिसिपंटच्या बाबतीत ती व्यवस्थित पाळली गेली. वेटिंग एरियात एमआरआय शोधणाऱ्या लॉटरबर आणि मॅन्सफिल्डचं पोस्टर आहे, 2003 चं नोबेल वगैरे, छान. पण 1951 मध्ये स्टॅनफर्डला अल्कोहोलच्या एनएमआर (ज्या तत्त्वावर एमआरआय चालतं ते) सिग्नलची तीन वेगळी शिखरं दाखवणाऱ्या तिघांपैकी एक, आणि नंतर इथे कुलाब्याच्या टीआयएफआर संशोधन संस्थेत एनएमआरचं काम उभं करणारे एस. एस. धर्मट्टी, त्यांचा साधा फोटो नाही. कुलाब्याचा माणूस मुंबईच्या सेंटरमध्ये नको का?

बुकिंग करताना सकाळचा पहिला स्लॉट मागा, चिलर तोपर्यंत शहाणा असतो आणि ताईही फ्रेश असतात. संध्याकाळी पाचनंतरचे स्लॉट घेऊ नका, तेव्हा बॅकअप ऑपरेटर असतो आणि तो पार्टिसिपंटशी इंटरकॉमवर बोलतच नाही. कॅन्टीन लांब आहे, आजी-आजोबा असतील तर बिस्किटं आणि पाणी सोबत न्या.