नोटर डेम स्टेडियमची सफर: मैदानापेक्षा इतिहास मोठा

इंडियाना राज्यातील नोटर डेम विद्यापीठाच्या स्टेडियमची मार्गदर्शकासह होणारी सफर अमेरिकन फुटबॉलचे नियम धड ठाऊक नसलेल्या आपल्यासारख्या क्रिकेटवेड्यांनाही आवडेल, कारण तिचा खरा ऐवज मैदानापेक्षा संघाच्या इतिहासात आहे. प्रशिक्षक नूट रॉकनी यांच्या संघाने १९१८ ते १९३० या काळात १०५ सामने जिंकले आणि केवळ १२ गमावले. मात्र १९३० साली खुल्या झालेल्या या स्टेडियममध्ये त्यांना एकच हंगाम लाभला, कारण मार्च १९३१ मध्ये विमान अपघातात त्यांचे निधन झाले. त्यांच्याच १९२४ च्या संघातील स्टुलड्रेहर, मिलर, क्राउली आणि लेडन हे ‘चार घोडेस्वार’ म्हणून गाजले. अमेरिकेतील सर्वोत्तम महाविद्यालयीन फुटबॉलपटूला दरवर्षी मिळणाऱ्या हाइझमन करंडकाच्या येथील सात मानकऱ्यांपैकी मला सर्वांत विलक्षण वाटतो तो पॉल हॉर्नंग, कारण १९५६ मध्ये संघ दहापैकी आठ सामने हरूनही सन्मान त्यालाच मिळाला (हा निर्णय मला आजही पूर्णपणे पटत नाही). लॉकर रूममधून खाली उतरणाऱ्या जिन्यावर, प्रशिक्षक लू होल्ट्झ यांच्या काळात लागलेली पाटी आहे. देवळाच्या उंबरठ्याला आपण हात लावतो, तसा सामन्यापूर्वी खेळाडू तिला स्पर्श करतात.